भरत जाणारी घागर

टिळक म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे लोकमान्यांची मूर्ती उभी राहते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच काळात, त्याच कोकणच्या मातीत जन्मलेले आणखी एक टिळक महाराष्ट्रात होऊन गेले. लोकमान्य १९२० च्या ऑगस्टमध्ये गेले. हे दुसरे टिळक त्यांच्या आधी सव्वा वर्ष, ९ मे १९१९ रोजी मुंबईस निवर्तले. मुलांना आणि फुलांना त्यांनी कवितेत मानाचे पान दिले, म्हणून शाळेच्या क्रमिक पुस्तकांतून ते घरोघर पोचले. पण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे खरे जीवितकार्य कवितेहूनही मोठे होते. एका मनुष्याचा आत्मा वाढतो म्हणजे काय होते, याचा तो चोवीस वर्षे चाललेला प्रयोग होता. आणि त्या प्रयोगाची निम्मी किंमत त्यांच्या पत्नीने, लक्ष्मीबाईंनी, मोजली.

ख्रिस्ती धर्मात दोन गोष्टी वेगळ्या मानल्या आहेत. एक नवा जन्म आणि दुसरी वाढ. बाप्तिस्मा एका दिवसात होतो. परंतु जन्मलेले मूल जसे दुधावरून अन्नावर येते, चालते, पडते, शहाणे होते, तसे श्रद्धावंतानेही पूर्ण वयात यावे, अशी पौलाच्या पत्रांतून पुनःपुन्हा अपेक्षा केलेली आढळते. योहानाच्या शुभवर्तमानात येशू ज्या विपुल जीवनाची ग्वाही देतो, ते मरणोत्तर स्वर्गापुरते नाही. ते याच देहात, याच घरात सुरू व्हावयाचे आहे. तत्त्व म्हणून हे कोणालाही पटेल. पण घर मोडते, बायको रडते, जात वाळीत टाकते, तेव्हा ही पूर्णता कोणत्या वाटेने यावयाची? पुस्तकी उत्तराने येथे भागत नाही. त्यासाठी टिळकांच्या घरात डोकवावे लागते.

नारायणरावांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी झाला. वडील करड्या शिस्तीचे, आई जानकीबाई भाविक आणि कवितेची आवड असलेली. आई लवकर गेली आणि मुलाचे घरातील मन उडाले. तो नाशिकला आला, संस्कृत शिकला, इंग्रजीशी जुजबी ओळख करून घेतली, आणि पुढे कित्येक वर्षे एका गावी पाय ठरेना. जलालपूरच्या गोखल्यांची अकरा-बारा वर्षांची मनकर्णिका १८८० च्या सुमारास त्यांच्या घरी लक्ष्मी होऊन आली, तरीही भ्रमंती थांबली नाही. आज नोकरी, उद्या राजीनामा. आज कीर्तन, उद्या व्याख्यान. नागपुरास त्यांनी ‘ऋषि’ नावाचे मासिक काढले. हिंदू धर्मातील दोष काढून टाकावेत, जातिभेद मोडावा, देशाला नवे तेज यावे, असे त्यांना मनापासून वाटे. ते काही तरी शोधत होते; काय, हे त्यांनाही नीट ठाऊक नव्हते.

१८९३ मध्ये नोकरीसाठी ते नागपुराहून राजनांदगावला निघाले होते. आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन गृहस्थाची गाठ पडली. काव्याच्या गप्पांतून धर्माच्या गोष्टी निघाल्या. निरोप घेताना त्या गृहस्थाने नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हाती ठेवली, आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. टिळकांनी ते पुस्तक वाचावयास घेतले आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले. शत्रूवर प्रेम करा, हे कोणी उपदेश म्हणून सांगितले असते तर त्यांनी मान डोलावून पान उलटले असते. येथे तो उपदेश स्वतः जगून दाखविणारी एक व्यक्ती त्यांना भेटली.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बायकोला आधी विश्वासात घेतले नाही. टिळकांच्या चरित्रातील हा डाग पुसण्याचे कारण नाही; लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त त्यावर पांघरूण घातलेले नाही, मग आपण का घालावे? ती बातमी आली तेव्हा पदरी लहानगा दत्तू होता. ज्या घरात त्या वाढल्या त्या घरातील वडिलांचे सोवळे असे की, बाजारातून आलेला जिन्नस धुतल्यावाचून घरात घ्यावयाचा नाही. अशा मुलीचा नवरा ख्रिस्ती झाला होता. सौभाग्य होते आणि नव्हतेही. दुःखाने त्यांची मती सैरभैर झाली. नातेवाइकांनी त्यांना सांभाळले, पंढरपुरास नेले, आणि जवळजवळ पाच वर्षे पतिपत्नींचे संसार वेगळे राहिले.

कोणी म्हणेल, टिळकांना तर त्यांचा प्रभू लाभला होता. मग त्यांची पूर्णता कोठे अडली? ती येथेच अडली होती. जे प्रेम साऱ्या जगावर करावयाचे, ते आपल्या दाराशीच पोचत नव्हते. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना एक गोष्ट लक्षात येते. परत बोलावताना टिळकांनी धर्माची अट घातली नाही. लक्ष्मीबाई अहमदनगरास आल्या त्या आपले सोवळे, आपले पाणी, आपली वेगळी चूल घेऊन. आणि नवऱ्याने ते सारे चालू दिले. तापट, उतावळा म्हणून प्रसिद्ध असलेला हा पुरुष वाट पाहावयास शिकला. डोंगरावरील प्रवचनाचा पहिला धडा त्यांनी बहुधा याच स्वयंपाकघरात गिरवला.

लक्ष्मीबाईंची वाढ निराळ्या जातीची. टिळक उडी घेणारे, त्या एकेक पायरी चाचपून चढणाऱ्या. शास्त्रार्थाने त्या बदलल्या नाहीत. त्यांनी माणसे पाहिली, त्यांच्या हातचे प्रेम पाहिले, आणि मनाशी विचार करता करता त्यांना दिसले की जात देवाने केलेली नव्हे, माणसाने केलेली आहे. ते दिसल्यावर मात्र त्यांनी मागे पाहिले नाही. १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. नवऱ्याच्या पाठोपाठ गेलेली पतिव्रता असे त्यांचे वर्णन करणे अन्यायाचे होईल. त्या स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या वेळी गेल्या.

त्याच सुमारास, १८९९-१९०० च्या दुष्काळाने नगर जिल्हा होरपळून निघाला होता. अमेरिकन मराठी मिशनच्या आश्रयाला अनाथ मुलांची रीघ लागली होती. टिळकांच्या घरातही पोरक्या मुलांची भर पडतच राहिली. पैसा टिकणे मात्र त्या घराला ठाऊक नव्हते. बाजारासाठी म्हणून बाहेर पडलेले रुपये वाटेतच कोणाच्या तरी गरजेला खर्ची पडत, आणि गृहिणी कपाळाला हात लावी. याच घरी त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवी, येऊन राहिले. बालकवी हिंदूच राहिले, आणि त्यांच्यावरील माया त्याने तसूभरही उणी झाली नाही. ज्या बाईने एके काळी आपल्या नवऱ्याच्या हातचे पाणी नाकारले, तिच्या घरात आता कोणाची जात विचारली जात नव्हती. आत्मिक वाढ मोजावयाची असेल तर याहून चांगले माप कोणते?

टिळकांच्या मनात या काळात दुसरीच एक अस्वस्थता वाढत होती. ख्रिस्ताचे दर्शन त्यांना झाले होते, पण तो ख्रिस्त येथे परक्या वेषात वावरत होता. प्रार्थनामंदिरात इंग्रजी चालीवर ओढूनताणून बसविलेली गीते, मिशनच्या पगारावर अवलंबलेले सेवक, आपल्याच समाजापासून तुटलेली कुटुंबे. हे पूर्ण जीवन कसे म्हणावे? गोव्यात फादर स्टीफन्सने १६१६ मध्येच ‘ख्रिस्तपुराण’ छापून ओवीत येशूची कथा सांगितली होती. पण मधल्या तीन शतकांत ती वाट जवळपास बुजली होती. टिळकांनी आपल्या परीने ती पुन्हा मळविली. त्यांनी अभंग रचले, भजने रचली, ख्रिस्ती कीर्तन उभे केले. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताच्या चरणांशी आलो, असे ते सांगत. तरुणपणी जे टाकून निघालो असे वाटले होते, ते उतारवयात आपलेच पाथेय म्हणून त्यांना सापडले. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी भागाचे संपादन त्यांच्याकडे आले. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्यही त्यांनी हाती घेतले होते.

आणि मग १९१७ साली, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षाच्या सुमारास, त्यांनी मिशनची नोकरी सोडली. कोणाशी भांडून नव्हे; वेतन घेऊन देवाची चाकरी करणे त्यांच्या मनाला आता मानवेना. साताऱ्यास राहून त्यांनी ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली. येशूला गुरू मानणाऱ्या सर्वांचा हा बंधुसंघ; त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती, तशी न घेतलेल्यांनाही. ज्याने बाप्तिस्म्यापायी घरदार गमावले, त्यानेच अखेरीस बाप्तिस्म्याचा उंबरठा ओलांडला नाही तरी ये, असे म्हणावे! काहींना हे धर्मशैथिल्य वाटले. आम्हांस ते पिकलेपण वाटते. हिरवे फळ देठाला घट्ट धरून बसते. पिकले की त्याची पकड सुटते आणि गोडी वाढते.

दरबाराला दोन वर्षेही पुरती मिळाली नाहीत. मृत्यूनंतर त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाचे दफन न करता दहन झाले आणि अस्थी त्यांच्या आवडत्या नगरला विसावल्या. त्यांचे काम मात्र निराळ्या रूपाने चालू राहिले. त्यांच्या विचाराने प्रभावित झालेले इंग्रज मिशनरी जे. सी. विन्स्लो यांनी १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला. गोरे आणि हिंदी सेवक तेथे एकत्र, भारतीय साधेपणाने राहू लागले. पुढल्याच वर्षी विन्स्लोंनी टिळकांचे इंग्रजी चरित्रही लिहिले.

आणि लक्ष्मीबाई? शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईने नवऱ्याचे अर्धवट राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे नेले. त्यातील बहुतेक अध्याय त्यांच्या हातचे आहेत. १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’ प्रसिद्ध होऊ लागली, आणि मराठी वाचकाला कळले की दुःखाचा डोंगर चढून आलेले माणूस इतके निर्मळ हसू शकते. त्या पुस्तकात कोठे प्रवचन नाही, कोणाबद्दल कडवटपणा नाही. स्वतःची फजिती त्या सर्वांत आधी सांगतात. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले. ‘ख्रिस्तायन’ १९३८ मध्ये छापून आले. त्यांच्या कवितांचा संग्रह पुढे निघाला, त्याचे नाव ‘भरली घागर’.

या नावापाशी थोडे थांबावे. विहिरीवर घागर बुडविणाऱ्या बाईला ठाऊक असते की रिकामी घागर पाण्यावर तरंगते, हेलकावे खाते, आवाज करते. ती तिरपी झाली, वाकली, तरच आत पाणी शिरते. भरत आली म्हणजे आवाज आपोआप बंद होतो. टिळक पतिपत्नींचे असेच झाले. एकाने आपल्या उतावीळपणाला वाकविले, दुसरीने आपल्या सोवळ्याला. आणि दोघांनी मिळून आपल्या अहंकाराला. धर्म कोणताही असो, दिवाळीच्या चार दिवसांत आपण घर झाडतो, कोनाडे रिकामे करतो, पणतीत तेल घालतो. मनाच्या कोनाड्यात अजून कोणासाठी वेगळी चूल मांडलेली आहे काय, हे त्याच वेळी पाहून घेतले, तर नगरच्या त्या घरातील पाण्याचे चार थेंब आपल्याही घागरीत पडले असे होईल.