गिमवीची गोगलगाय

बुलडाणा जिल्ह्यातील मेंढपाळांना मेंढ्यांचा पर्णकृमी नवा नाही. दलदलीकाठी चरलेल्या मेंढीच्या यकृतात तो सापडतो. या चपट्या कृमीचे बालपण पाणगोगलगाईच्या शरीरात जाते, हे आपण वर्गात शिकवतो. समुद्रातील शिंपल्यांत व माशांतही याच गटातील कृमी यजमान बदलत वाढतात. माणसाच्या रक्तात राहणारा त्यांचा एक भाऊबंद, शिस्टोसोमा, भारतात मात्र पसरत नाही असे बराच काळ मानले जाई. हा समज आपल्याच राज्यातील एका खेड्याने मोडला.

हा कृमी थिओडोर बिल्हार्झ यांना १८५१ मध्ये कैरोत शवविच्छेदन करताना आढळला. त्याचा प्रवास १९१५ मध्ये रॉबर्ट लीपर यांनी इजिप्तमध्येच उलगडला. रुग्णाच्या लघवीतून अंडी पाण्यात पडतात. त्यांतून निघालेली अळी गोगलगाईत शिरते व तेथे तिच्यापासून असंख्य शेपटीवाल्या अळ्या तयार होतात. पाण्यात उतरलेल्या माणसाची कातडी भेदून त्या आत जातात. पुढे मूत्राशयाभोवतीच्या रक्तवाहिन्यांत नर-मादी जोडीने राहतात आणि रुग्णाच्या लघवीतून रक्त जाऊ लागते.

आफ्रिकेत या कृमीला पोसणारी बुलायनस गोगलगाय भारतात नाही. त्यामुळे परदेशातून रुग्ण आला तरी साखळी येथे तुटणार, असा तर्क होता.

परंतु १९५२ मध्ये गाडगीळ व शहा या संशोधकांनी रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावात या रोगाचे स्थानिक केंद्र असल्याचे जाहीर केले. मग प्रश्न उरला, गोगलगाय कोणती? त्यांच्या शोधात पुढे आली ती फेरिसिया टेन्युइस. तिचा शंख पिळदार नसतो, इवल्या टोपीसारखा असतो; दगडाला चिकटलेली असताना ती सहज नजरेतून सुटते. बुलायनसची जागा हिने घेतली होती. रुग्णांवर उपचार झाले, गोगलगायी मारण्यासाठी पाण्यात मोरचूद टाकले गेले आणि रोग आटोक्यात आला.

तर्क सरळ होता, पण ओढ्यातले दगड उलटून पाहिल्यावाचून तो तपासता येत नव्हता. पैनगंगा-नळगंगेच्या काठच्या शाळांनाही असे निरीक्षण करता येईल. गोगलगायी काचेच्या भांड्यात, स्वच्छ पाण्यात, उजेडात ठेवाव्यात आणि त्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. हातमोजे मात्र जरूर वापरावेत. गुरांच्या कृमींच्या अळ्यांनीही माणसाच्या अंगाला खाज सुटते.