कोरसमधलं ‘आम्ही’

समलिंगी गायनवृंदांच्या इतिहासावर समूहगीत लिहायला मी भंडाऱ्यात बसलो. २७ नोव्हेंबर १९७८ला सॅन फ्रान्सिस्कोत समलिंगी नगरप्रतिनिधी हार्वे मिल्क यांची हत्या झाली. त्याच रात्री समलिंगी पुरुषांचा नवा वृंद नगरभवनाच्या पायऱ्यांवर, शोकसभेत, प्रथमच जाहीरपणे गायला. आपल्याकडे डिसेंबर २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कलम ३७७ कायम ठेवलं. पुढच्याच वर्षी मुंबईत ‘रेनबो व्हॉइसेस’ उभा राहिला. परस्परसंमतीचं प्रेम गुन्ह्यातून सुटलं ते २०१८ साली.

माझ्या धृपदात ‘ते’ होतं. पण गाणारे स्वतःलाच ‘ते’ कसं म्हणतील? खोडून ‘आम्ही’ लिहिलं आणि कचरलो. हा शब्द माझा आहे का? मग कव्वाली आठवली. तिथं मागून सूर धरणाऱ्याला हमनवा म्हणतात. तेवढं तर मला होता येईल!