पिंपरी ते चाकण : नोकरभरतीच्या हंगामाचा इतिहास

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या वाहनउद्योगात सणासुदीच्या मागणीपूर्वी कामगार वाढवायचे आणि मागणी ओसरली की कमी करायचे, ही आज रूढ रीत असली, तरी हा हंगामी चढउतार या पट्ट्याच्या जन्मापासूनचा नाही. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि त्या दशकात टेल्को व बजाज या वाहन कंपन्यांनी येथे पाय रोवले, तेव्हा ‘कंपनीत लागणे’ म्हणजे निवृत्तीपर्यंतची सोय, असाच समज होता.

या स्थैर्याचे श्रेय कामगार कायद्यांना आणि संघटनांना दिले जाते. परंतु परवाना पद्धतीचा त्यातील वाटा सहसा दुर्लक्षित राहतो. उत्पादनाची मर्यादा सरकार ठरवीत असल्याने मागणी पुरवठ्याच्या पुढे धावत राहिली, बजाजच्या स्कूटरसाठी ग्राहक नंबर लावून वर्षानुवर्षे थांबले, आणि ग्राहकांच्या त्या रांगेमुळे बजाजच्या आकुर्डी कारखान्यातील कामगाराला बाजारातील मंदीची झळ फारशी लागली नाही. भरतीवर कायद्याची पकड तशी सैलच होती. रिक्त जागा सेवायोजन कार्यालयाला, म्हणजे बोलीभाषेतील एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजला, कळविण्याचे बंधन १९५९च्या कायद्याने पंचवीस किंवा अधिक कामगारांच्या खासगी आस्थापनांवर घातले. मात्र त्या कार्यालयाने पाठविलेला उमेदवारच घ्यावा अशी सक्ती त्यात नव्हती, आणि तीन महिन्यांहून कमी मुदतीच्या कामाला तर हे बंधनच लागू नव्हते.

१९९१ नंतर परवान्यांचे जोखड उतरले, ग्राहकाची रांग संपली आणि मागणीतील अनिश्चितता कारखान्याच्या दारापर्यंत आली. तिचा भार कोणी सोसायचा, याचे उत्तर जुन्याच कायद्यांच्या फटींत सापडले. औद्योगिक विवाद कायद्यानुसार बारा महिन्यांत २४० दिवस काम भरले की ते एका वर्षाची सलग सेवा मानले जाई आणि कामगाराला कपातीपूर्वी नोटीस व भरपाई मिळण्याचा हक्क येई. म्हणून त्याआधीच ‘ब्रेक’ देण्याची, म्हणजे काही काळ कामावरून दूर ठेवण्याची, प्रथा बळावली. ठरावीक मुदतीचा करार संपल्यावर त्याचे नूतनीकरण न करणे ही कपात नव्हे, अशी तरतूद तर १९८४ पासूनच होती.

चाकणची वाढ याच नव्या व्यवस्थेत झाली. बजाजचा तेथील कारखाना १९९९ साली सुरू झाला, २००९ साली फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ आल्या, आणि त्यांच्याभोवती सुटे भाग पुरविणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांचे जाळे विणले गेले, जेथे आयटीआय झालेला तरुण पुष्कळदा कंत्राटदाराच्या हजेरीपटावरच रुजू होतो. नोकरीच्या पोर्टलांवरील जाहिराती मोजणारे मासिक निर्देशांक अशा भरतीची दखल क्वचितच घेतात. कारण ती बहुधा ओळखीच्या माणसामार्फत होते, आणि जाहिरात द्यावी लागण्यापूर्वीच जागा भरलेली असते.