लव्हेरियेचे दोन ग्रह

सन १७८१ मध्यें विल्यम हर्शेल यानें युरेनस ग्रह शोधून काढला. परंतु पुढें असें दिसून आलें कीं, हा ग्रह गणितानें आंखलेल्या मार्गानें चालत नाहीं. कधीं तो पुढें असे, तर कधीं मागें. न्यूटनचा गुरुत्वाकर्षणाचा नियम इतक्या दूरवर लागू पडत नाहीं कीं काय, अशी शंका कांहीं पंडितांस येऊं लागली.

फ्रान्समधील लव्हेरिये यानें निराळा विचार केला. युरेनसला ओढणारा एखादा अज्ञात ग्रह पलीकडे नसेल कशावरून? इंग्लंडांत ॲडम्स हाहि स्वतंत्रपणें हेंच गणित करीत होता. लव्हेरियेनें त्या ग्रहाचें स्थान बर्लिनच्या वेधशाळेस कळविलें. २३ सप्टेंबर १८४६ रोजीं पत्र पोंचलें, आणि त्याच रात्रीं गाले यास सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आंतच नेपच्यून सांपडला. सतरा दिवसांनीं लॅसेल यानें त्याचा उपग्रह ट्रायटनहि पाहिला.

पुढें १८५९ मध्यें बुधाच्या गतींतहि लव्हेरियेनें असाच सूक्ष्म फरक दाखविला. तीच युक्ति योजून त्यानें सूर्याजवळ ‘व्हल्कन’ नांवाचा ग्रह कल्पिला. अनेकांनीं तो धुंडाळला. पण तसा ग्रह नव्हताच! तें कोडें १९१५ मध्यें आइन्स्टाइनच्या नव्या सिद्धान्तानें सुटलें. येथें ग्रह उणा नव्हता, न्यूटनचा नियमच किंचित् अपुरा होता.

एकाच युक्तीस एकदां यश आलें, एकदां अपयश. तर्क कितीहि शुद्ध असो, शेवटचा कौल आकाशाकडूनच घ्यावा लागतो.