शंभर आज्ञांचे यंत्र

नवी मुंबईतील रबाळे येथे, ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात, आज मोठमोठी डेटा सेंटर उभी आहेत. तेथे साठणारी माहिती मोजायची तर शून्यांची रांगच मांडावी लागेल. अशा काळात, जेमतेम शंभर आज्ञा लक्षात ठेवणारे एक यंत्र जगभरचे काही हौशी लोक निष्ठेने जपतात. ते कशासाठी, हे पाहू या.

जानेवारी १९७४ मध्ये अमेरिकेतील ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने एचपी-६५ हा हातात मावणारा कॅल्क्युलेटर बाजारात आणला. त्याची किंमत ७९५ डॉलर होती. साध्या कॅल्क्युलेटरवर प्रत्येक गणित पहिल्यापासून करावे लागते. याला मात्र कृतीचा क्रम, म्हणजे प्रोग्रॅम, एकदा शिकवला की तो हवा तितक्या वेळा पार पाडी. हा प्रोग्रॅम लहानशा चुंबकीय पट्टीवर साठवता येई. १९७५ च्या अपोलो-सोयुझ मोहिमेत हे यंत्र अंतराळातही गेले.

१९७४ सालीच रिचर्ड नेल्सन यांनी कॅलिफोर्नियात या यंत्राच्या वापरकर्त्यांचा क्लब सुरू केला. क्लबच्या पत्रिकेतून सभासद एकमेकांचे प्रोग्रॅम वाचत आणि त्यांतील एखाददुसरी आज्ञा वाचवण्याची युक्ती शोधत. १९७९ मध्ये एचपी-४१सी आल्यावर, तिच्या कळफलकावर नसलेल्या आज्ञाही हौशी मंडळींनी हुडकून काढल्या. १९८१ मध्ये तर क्लबने लिहिलेल्या प्रोग्रॅमचा संच कंपनीने खास त्यांच्यासाठी बनवून दिला.

जागा कमी असली की विचार नेमका करावा लागतो. आपल्याकडचे उदाहरण घेऊ. देवळाली येथील शिक्षक द. रा. कापरेकर यांचा ६१७४ हा स्थिरांक सर्वांना ठाऊक आहे. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा. उत्तरावर हीच कृती पुन्हा करा. जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ येते. ३५२४ घेतल्यास ३०८७, ८३५२ आणि मग ६१७४.

प्रोग्रॅममध्ये दोन्ही संख्या जुळवून वजाबाकी करत बसण्याची गरज नाही. उतरत्या क्रमातील अंक अ, ब, क, ड असतील, तर वजाबाकी नेहमी ९९९(अ–ड) + ९०(ब–क) इतकीच येते. ५४३२ साठी २९९७ + ९० = ३०८७. आज्ञा वाचवायला निघालो आणि बीजगणित हाती लागले! विद्यार्थ्यांना हे सूत्र स्वतः शोधू द्यावे.

संग्राहकांचे काम मात्र सोपे नाही. जुन्या बॅटऱ्या गळून आतील धातू खातात. पट्टी ओढून घेणारे रबरी चाक चिकट लगदा होऊन जाते. ते काढून नवे बसवावे लागते. यंत्र दुरुस्त होईलही, पण पट्टीवरचा प्रोग्रॅम पुसला गेला आणि तो कागदावर कोठेच उतरवलेला नसला, तर त्यामागची युक्ती कायमची गेली.

म्हणून एखाद्या निवृत्त अभियंत्याच्या कपाटात असे यंत्र आढळले, तर ते भंगारात जाऊ देऊ नये. बॅटरी काढून ठेवावी, माहितीपुस्तिका जपावी आणि सर्वांत आधी, त्यावर कोणती गणिते कशी केली जात होती, हे त्यांच्याकडून लिहून घ्यावे.