सागरी बुरशीजन्य दाहशामक संयुगे

सागरी बुरशीजन्य दाहशामक संयुगे ही समुद्रातील गाळ, स्पंज, शैवाल किंवा खारफुटी यांवर वाढणाऱ्या बुरशींपासून मिळणारी नैसर्गिक रासायनिक द्रव्ये होत. पेनिसिलियम व ॲस्परजिलस या प्रजातींतून अशी अनेक संयुगे वेगळी करण्यात आली आहेत.

कार्य
दाह होताना महाभक्षी पेशी नायट्रिक ऑक्साइड, प्रोस्टाग्लँडिन इत्यादी द्रव्ये निर्माण करतात. यांपैकी अनेक संयुगे एनएफ-कप्पा-बी या प्रथिनास अटकाव करून ही निर्मिती घटवतात, असे पेशीसंवर्धनावरील प्रयोगांत आढळले आहे.

संशोधन
सार्डिनियातील काग्लियारी येथे, सांडपाणी समुद्रास मिळते त्या जागी, ज्युसेप्पे ब्रोत्झू यांना १९४५ मध्ये सापडलेल्या बुरशीतून पुढे सेफॅलोस्पोरिन हे प्रतिजैविक मिळाले. भारतात, गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत (स्थापना १९६६) चंद्रलता रघुकुमार व सहकाऱ्यांनी सागरी बुरशींचा अभ्यास केला. त्यांनी हिंदी महासागराच्या मध्य खोऱ्यातील सुमारे ५,००० मीटर खोलीवरच्या गाळातूनही बुरशी मिळवल्या.

मर्यादा
परीक्षानळीत गुणकारी ठरलेले संयुग मानवी शरीरास सुरक्षित असेलच असे नाही. ॲस्परजिलसच्या काही जाती अफ्लाटॉक्सिनसारखी विषेही निर्माण करतात. म्हणून प्राण्यांवरील व मानवी चाचण्यांपूर्वी अशा संयुगांस औषध म्हणता येत नाही.