फिटची गोळी आणि वेदनेचा धातू

नागपूरच्या ‘महाल’ला आपण सहज राजवाड्याशी जोडतो. पण हा शब्द अरबी ‘महल्ल’चा. मूळ अर्थ उतरायची जागा, ठिकाण. ‘मोहल्ला’ त्याचाच भाऊबंद. पुढे त्याचा राजवाडा झाला, तालुक्याहून लहान महसुली विभागही झाला (महालकरी तिथलाच), आणि भोसल्यांच्या वाड्यांभोवतीची वस्ती महाल म्हणूनच ओळखली गेली. व्युत्पत्ती शब्दाचं जन्मगाव सांगते, आजचा व्यवसाय नव्हे.

औषधांचंही तसंच. नागीण बरी होते, पण तिच्या जागेवरची आग, चमका मागे राहतात. डॉक्टर गॅबापेंटिन लिहून देतात आणि घरात कुणीतरी मोबाईलवर शोधून म्हणतं, “ही तर फिटची गोळी!” चूक नाही. अमेरिकेत 1993 साली तिला मान्यता मिळाली ती मिरगीसाठीच. नागिणीनंतरच्या दुखण्यासाठी 2002मध्ये. नावही फसवंच. मेंदूतल्या ‘गॅबा’ या रसायनाच्या धर्तीवर ती घडवली, म्हणून गॅबापेंटिन. पण तिचं काम गॅबामार्फत चालत नाही. ती चेतापेशींमधले कॅल्शियमचे मार्ग आवरते. अमिट्रिप्टिलिन हे तर नैराश्यावरचं औषध; तेही अगदी कमी मात्रेत नसांच्या दुखण्यावर रात्री देतात.

जखम भरली तरी दुखतं का, याचा धागा ‘वेदना’ या शब्दात सापडतो. धातू ‘विद्’, म्हणजे जाणणे. वेद, विद्या, वैद्य याच घरातले. बौद्धांच्या पंचस्कंधांतली वेदना तर सुखदही असते. मराठीनं तिच्याकडे फक्त दुःख ठेवलं. नस जाणीव पोचवते. नागिणीनं दुखावलेली नस मात्र कारण नसताना तीच खबर देत राहते. फिटमध्येही मेंदूतल्या चेतापेशी अशाच अकारण खवळतात. म्हणून त्यांना शांत करणारी गोळी दोन्हीकडे उपयोगी पडते, आणि नेहमीच्या वेदनाशामकांचा इथे फारसा उपयोग होत नाही.

मराठीत दुखण्याला शब्द भरपूर आहेत. ठणका, कळ, आग, चमक, मुंग्या यांतला प्रत्येक वेगळा. डॉक्टरांना नुसतं “दुखतं” म्हणू नका, नेमका शब्द सांगा. औषधाची निवड त्यावरही ठरते. आणि नाव वाचून अशी गोळी परस्पर बंद करू नका. ती हळूहळू, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच कमी करायची असते.